खटक्याच्या आंधीची तार

मेडशी, ता. १८ डिसेंबर १९४५

इंद्रभान, मोठीबाईचा आशीर्वाद घे. आशीर्वाद एवढाच हाय, खालते सारं भांडन हाय, तवा सावलीत बसून वाच.

तुह्यं कार्ड भेटलं. चौदा महिन्यात म्या तुले सहा पत्रं धाडले, न तुह्या दोन ओळी! त्याही माह्यासाठी नाई, रतनसिंगासाठी. बिचारा पोहरादेवीहून दोनदा येऊन गेला रे. त्यानं पलटनीच्या लिलावातून लारी घेतली हाय. रामनवमीच्या जत्रेले त्याले तांड्यातांड्यातले मानसं न्याचे हायत. म्हनते, "बाई, ड्रायव्हर पाह्यजे तं तुमचा भाऊच. बाकीच्यायले चाक फिरवता येते, त्याले गाडी समजते." असं बोलनारा मानूस दारात येते, न तू त्याले लिव्हतं का "ज्या हातानं लावलेल्या तारेनं मालकाच्या आईचा, मनकर्णाबाईचा पाय जळाला, त्या हातात मानसायनं भरलेली लारी देऊ नोका."

ते कार्ड म्या रतनसिंगाले दाखोलं नाई. सांगतलं, इंद्रभान विचार करून राह्यला. खोटं बोलली. एक खोटं बोललं का दुसरं सोपं जाते, हे मले आता कोनी शिकवाले नोको.

धनजले तू कापसाच्या बंड्या हाकून राह्यला, असं तुह्या भाऊजीले बाजारात समजलं. बैल हाकाची लाज नाई. आपला बापही बैलच हाकत होता. पन तू रे? मारोतराव मालकायच्या मोटारीखाली तू पालथा पडून राहे, न जेवाले उठवाचं तं मले तुहे पाय वढा लागत. मालकाच्या वाड्यात भाकरी थापता थापता मले रस्त्यावरून आवाज येये न मी सांगो, "आला माहा भाऊ." आता रस्त्यानं कोनाचीही मोटार गेली तरी मी तव्यावरून मान वर करत नाई.

आई गेली तवा तू तीन वर्साचा. तुले मांडीवर घेऊन तुह्या पाटीवर मीच अक्षरं गिरवली. म्हून माह्या तोंडातून "जवय" निंगते न कागदावर "जवळ" उतरते. तू हासत होता, मोठीबाईचं तोंड वऱ्हाडातलं न हात पुन्याचा. एक बानाचा न तेवढा मले मनकर्णाबाईच्या नावाबाहेर कवाच जमला नाई. तुह्या पाटीचा तो कोपराच फुटका होता, मी काय करू?

मले आनखी काही लिव्हाचं होतं. पन ज्वारी दळाची पडली हाय. रतनसिंगाले हाव म्हन.

तुही मोठीबाई, प्रयाग

मेडशी, ता. ११ जानेवारी १९४६

इंद्रभान,

तुह्यं उत्तर नाई. नोको देऊ. मी लिव्हतच राहीन, पोस्टाचं भलं होईन.

संक्रांत जवळ आली म्हून तीळ पाठवून राह्यली. गोड बोल असं मी म्हनत नाई, नुसतं बोल.

मनकर्णाबाईचा पाय आता बरा हाय. काठी लागते, पन चालते. परवा उन्हात बसून तिनं मले त्या दसऱ्याचं सारं परत सांगतलं. तू तं मले कवाच सांगतलं नाई, दवाखान्यातून आला न तसाच बोचकं घेऊन निंगून गेला. ती म्हने, पातूरले सोनं द्याले निंगाले होते, ती हट्टानं पुढच्या सीटवर बसली होती, मागून तिले रस्ता दिसत नाई म्हून. नाल्यात मोटार आदळली न तिच्या पायाखालून धूर आला. म्हने, "प्रयाग, मले समजाच्या आंधी तुह्या भावानं मले उचलून बाहेर ठुलं. लुगडं पेटलं होतं, ते त्यानं दोन्ही हातानं चोळून इझोलं. मंग परत आत घुसला, खटका पाडला. मंग मांगं रेतीच्या बादलीकडं धावला."

तू आमाले आंगनात उभं करून किती वेळा घोकून घेतलं होतं. "पहिले मानूस, मंग खटका, मंग रेती. पानी बिलकुल नाई." सारा वाडा हासे तुले. मारोतराव म्हनत, याची मोटार हाय का दिवाळीचा फटाका? पन तू बॅटरीजवळ तो लोखंडी खटका सोताच्या हातानं बसोला, का आग दिसली तं बॅटरीची वीज एका झटक्यात तोडता यावी. रेतीची बादली टांगली. दर सोमवारी बादलीत हात घालून पाहे, रेती कोरडी हाय का. मीच म्हनो, बायकोसाठी एवढा जीव लावशीन तं नशीब तिचं.

इंद्रभान, त्या दिवशी बादली खाली होती.

तुले ते तठीच समजलं. मातीचे ढेकळं तू नखानं उकरून उकरून टाकले, असं मनकर्णाबाई सांगते. पन बादली कोनं खाली केली, हे तू कोनालेच इचारलं नाई. तुले वाटलं असन, तूच भराले इसरला.

म्या केली. नवमीच्या सकाळी समया घासाच्या होत्या, चार समया न मोठी घंगाळं. नाल्यावर जाऊन रेती आनाचा कंटाळा आला. म्या तुह्या बादलीतली घेतली. वाटलं, सांजेले भरून ठीन. मंग पुरनाचं पडलं, मंग पाव्हने आले, न मी इसरली.

झालं. हे सांगाचं होतं. आता मले शिव्या दे, पन कागदावर दे, म्हंजे मले वाचाले भेटतीन.

मोठीबाई

मेडशी, ता. ४ फेब्रुवारी १९४६

इंद्रभान,

तुह्यं पत्र आलं. चांगलं पानभर! म्या ते चुलीपाशी वाचलं, मंग गोठ्यात वाचलं, मंग परत वाचलं, न दर वेळी एकाच जागी अडकली.

तू लिव्हलं का रेतीचं मनाले लावून घेऊ नोको. बादली भरलेली असती तरी आग लागलीच असती. लिव्हलं, "मोठीबाई, दसऱ्याच्या दोन दिवस आंधी दिव्याची नवी तार म्याच वढली होती. अकोल्याच्या मिस्त्रीले बोलवा म्हनत होते मालक, मीच म्हनलं मले येते. न आग लागल्यावर म्या खटका पाडला, तरी सीटखालच्या ठिनग्या थांबल्या नाई. मी पाहून राह्यलो, खटका खाली हाय न ठिनग्या सुरू हायत. म्हंजे माही तारही खोटी न माहा खटकाही खोटा. जे मले येते असं मले वाटत होतं, ते मले काहीच येत नाई. म्हून मी बैल हाकतो. बैल पेटत नाई."

भाऊ, तुले सारं येत होतं. तुही तारही खरी होती न खटकाही खरा होता.

आता मी लिव्हते ते बसून वाच. म्या हा कागद तीनदा फाडला हाय.

तुले आठवते, मी मोटारीले निंबू-मिरची बांधो न तू काढून फेको? म्हने, "मोठीबाई, मोटारीले नजर नाई लागत, गंज लागते." मारोतरावही तुह्याच बाजूचे. पन तू त्या घाटातून ये-जा करे न माहा जीव टांगनीले लागे. तुमाले हासाले काय जाते? आई नसलेलं लेकरू म्या मोठं केलं, मले भेव वाटे.

नवमीच्या सकाळी तू नाल्यावर आंघोळीले गेला होता. मोटारीची पूजा कराची होती. म्या ठरोलं, निंबू-मिरची असं बांधीन का तुह्या बापालेही दिसनार नाई. पुढची सीट उचलली. खालते ती बॅटरी होती, न तिच्यावर शिशाचं बोंड वर आलेलं, जसं काही बांधासाठीच ठुलं हाय. दोरा घेतला असता रे. पन आंधीच्या खेपेले दोरा उंदरानं कुरतडला होता न निंबू रस्त्यात पडलं होतं, न मी आठ दिवस झोपली नव्हती. या खेपेले म्हनलं, पक्कं बांधू. तुह्या डब्यात तांब्याच्या तारेचा तुकडा पडला होता, तूच सोललेला, सोन्यासारखा चमकून राह्यला होता. त्यात निंबू ववलं, सात मिरच्या ववल्या, न बोंडाले तीन येढे देऊन गाठ मारली. दुसरं टोक लांब राह्यलं, ते तसंच सोडलं. हात जोडले न म्हनलं, माह्या भावाले संभाळ.

हे तवा कोनालेच माहीत नव्हतं. मलेही नाई. आग लागली तवा मी साऱ्यायसारखंच समजली का तुही नवी तार जळाली.

मंग गेल्या होळीले, गोवऱ्या आनाले मी गोठ्याच्या मांगं गेली. जळकी मोटार तठीच पडली हाय. मले काय वाटलं कोन जाने, सीटचा सांगाडा वर केला. बोंडाले माही गाठ होती. तीन येढे, जसेच्या तसे. निंबू सुपारीएवढं काळं झालं होतं. न तारेचं लांब टोक खालच्या लोखंडाले चिकटून वितळलं होतं. म्या वढून काढलं न पदरात लपोलं.

मंग पाडव्याले मारोतरावायनं अकोल्याचा मिस्त्री बोलावला, मोटारीचं काय विकाले येते ते पाहाले. म्या त्याले च्या देता देता इचारलं, दादा, समजा या बोंडाले कोनी उघडी तार बांधली, न दुसरं टोक हालून लोखंडाले लागलं तं? तो म्हने, "तं आग. मंग काय होईन बाई?" मी म्हनलं, पन खटका पाडला तं? तो हासला. म्हने, "तार खटक्याच्या आंधी बांधली, मंग खटका काय करन बिचारा? खटका त्याच्या पुढची वीज तोडते." मंग मलेच इचारते, "काहून, कोन्या बह्याडानं बांधली होती का?" मी म्हनलं, नाई, असंच इचारलं.

दहा महिने झाले. दहा महिने ती तार माह्या ज्वारीच्या कनगीत होती. तुह्यासाठी मी रोज देवापुढं दिवा लावत होती, न तुले वाचवाची गोष्ट दोन हातावर कनगीत पडली होती. मले भेव वाटलं का मारोतराव आमाले गावातून काढतीन. मनकर्णाबाई माह्या हातचं पानी पेनार नाई. पन खरं सांगू? त्यापेक्षा जास्त भेव तुह्यंच वाटलं. तू दूर गेला होता, पन माहा होता. हे समजल्यावर तू मले मोठीबाई म्हनशीन का नाई, हे मले माहीत नव्हतं. आजही नाई.

तू शिकोलं होतं, पहिले मानूस काढा. म्या पहिले सोताले काढलं, न तुले आत ठुलं.

या लिफाफ्यात तार घातली हाय. पाह्य, तुह्याच डब्यातली हाय, तुले वळखू येईन. गाठ मात्र माही हाय.

प्रयाग

मेडशी, ता. १० मार्च १९४६

इंद्रभान,

महिना झाला. पोस्टमन दुरूनच हात हालोते का नाई म्हून. पहिले मले राग आला, मंग म्हनलं, सतरा महिने तू जे भोगलं त्यापुढं महिना म्हंजे काय?

तुले उत्तर मागत नाई. इकडची गोष्ट तुले समजली पाह्यजे, एवढ्यासाठीच लिव्हून राह्यली.

तुले पत्र टाकलं त्याच सकाळी मी वाड्यावर गेली न पायरीवर उभं राहून मारोतरावायले सारं सांगतलं. रेतीचं न तारेचं, दोन्ही. तुहे भाऊजी मांगं उभे होते, खाली मान घालून. त्यायलेही म्या आदल्या दिवशीच सांगतलं होतं. ते एवढंच म्हनले, "मी संग येतो."

 मारोतराव म्हनले, "म्या त्या पोराले साऱ्या गावापुढं आगलाव्या म्हनलं, प्रयाग." मी म्हनलं, हाव मालक, म्हनलं. ते म्हनले, "न तू ऐकून घेतलं." मी म्हनलं, तवा मले माहीत नव्हतं. होळीनंतर माहीत झालं, तवापासून ऐकून घेतलं. ते उठून आत गेले. मले वाटलं, आता बोचकं बांधाचं. पन संध्याकाळी चावडीपुढं चार मानसं बसले होते, तठी जाऊन ते सोता बोलले का इंद्रभानची तार चांगली होती, चूक माह्या घरातली होती. माह्या घरातली म्हनले, प्रयागची नाई म्हनले. हे तुले मुद्दाम लिव्हते, कारन मी मोटारीच्या गोष्टीत त्यायच्यावर लय राग धरून होती.

 आठ दिवस मी भाकरी वाढे न मनकर्णाबाई खाये, पन माह्याकडं पाहे नाई. नवव्या दिवशी तिनं पाय पुढं केला. म्हने, "तेल लाव." रोज तिची नात लावते. मी खाली बसली न लावाले लागली. त्या जळक्या कातड्यावर माहा हात पहिल्यांदाच फिरला रे. वरून ती म्हने, "निंबू माह्याच झाडाचं होतं ना?" मी हाव म्हनलं. ती म्हने, "मले इचारून तोडत जा." मंग मी एवढी रडली का तेलाची वाटी सांडली, न ती मले बह्याड, बह्याड म्हनत माह्या डोक्यावरून हात फिरोत राह्यली.

आता तुह्यावर कोनाचा बोल नाई. तू गावात येशीन तं मान वर करून येशीन. मले भेटाले नाई आला तरी चालते. रतनसिंगाची लारी मात्र सोडू नोको. त्यानं अजून दुसरा ड्रायव्हर पाह्यला नाई. मी त्याले यावेळी खरं सांगतलं, का तू नाई म्हनलं होतं न काहून म्हनलं होतं. तो टोपी काढून डोकं खाजवत राह्यला. म्हने, "बाई, मी सोता जातो धनजले."

प्रयाग

मेडशी, ता. ५ एप्रिल १९४६

इंद्रभान, माह्या राजा,

रतनसिंग आला होता. आंगनात उभा राह्यला, लय गंभीर तोंड करून, न पुडकं माह्या हाती देल्लं. चिठ्ठी नाई, काई नाई. म्या सोडलं तं आत पांढऱ्या दोऱ्याचं रीळ.

मी ते हातात घेऊन उभीच राह्यली. रतनसिंगाले वाटलं मले समजलं नाई. म्हने, "बाई, तुमचा भाऊ पोहरादेवीले माह्या लारीखाली चार दिवस पालथा पडून हाय. सगळ्या तारा सोडून परत बांधल्या त्यानं. खटका बसोला, बादल्या एक सोडून तीन टांगल्या. तांड्यातल्या बाया-मानसायले वळीनं उभं करून घोकून घेऊन राह्यला, पहिले मानूस, मंग खटका, मंग रेती. पोट्टे हासतेत त्याले. पन आता म्हनते, मोठीबाई येऊन निंबू बांधल्याबिगर लारी जाग्यावरून हालनार नाई. न म्हनते, दोऱ्यानं बांधाचं. जागा मी दाखवीन." बिचारा हात जोडून म्हने, "रामनवमी पाच दिवसावर आली, बाई. चाला ना आता."

मोठीबाई म्हनला ना तू? म्या रतनसिंगाले दोनदा इचारलं, नक्की मोठीबाईच म्हनला का? तो म्हने, मंग काय म्हनन?

उद्या सकाळी बंडीनं निंगते. हे पत्र रतनसिंगासंग आजच पुढं धाडून राह्यली, म्हंजे तू जेवाचा थांबशीन. निंबू मनकर्णाबाईच्या झाडाचे घेतले, इचारून घेतले. तिनं एक मागतलं तं सात देल्ले, न म्हने, "त्याले सांग, मी पुढच्या सीटवर बसनार हाय." तिले पोहरादेवीले याचं हाय, काठी धरून, न मारोतराव नाई म्हनू शकले नाई. तवा सीट पुसून ठेव.

मिरच्या तठीच्या बाजारात घेऊ. दोरा मी पदराले बांधला हाय. तू जागा दाखवली का तठी बांधीन, बॅटरीच्या आसपास बोटही लावनार नाई. पन तुह्या तिन्ही बादल्यात मी हात घालून पाहीन, रेती कोरडी हाय का नाई ते.

तुही मोठीबाई